काळजीच्या कामाचा पगार कमी कोण ठरवतं?

प्रश्न असा आला आहे: वृद्धांची, आजाऱ्यांची, लहान मुलांची काळजी घेण्याच्या कामाला जवळपास प्रत्येक देशात कमी पगार मिळतो. हे बाजारामुळे होतं, कौशल्य कमी लागतं म्हणून होतं, की हे काम बायका करतात म्हणून? आणि पुरुष मोठ्या संख्येने या कामात आले तर फरक पडेल का?

मी सुरुवातीची वर्षं वॉर्डात नर्स म्हणून काढली. नंतरचा बहुतेक काळ पदांचं मूल्यमापन करण्यात गेला. म्हणजे एखाद्या कामाला किती कौशल्य, किती जबाबदारी, किती कष्ट लागतात ते मोजायचं आणि त्यावरून त्याची वेतनश्रेणी काय असावी ते सांगायचं. त्या कामातून माझं जे मत झालं ते आधीच सांगते. हा पगार आपोआप कमी राहिलेला नाही. कुठल्याही देशात थोडं मागे जाऊन शोधलं की एखादा कागद हाती लागतो. कुठे वेतनश्रेण्यांचा तक्ता असतो, कुठे किमान वेतनाच्या कायद्यातली सूट, कुठे मिनिटांवर पैसे मोजणारं कंत्राट. तो कागद कोणीतरी बसून लिहिलेला असतो आणि त्यावर तारीख असते. त्यामुळे तो बदलताही येतो. काही देशांनी तो बदलून दाखवला आहे, आणि बदललेला कागद पुन्हा फिरवूनही दाखवला आहे.

आधी आवाका बघू. आंतरराष्ट्रीय कामगार संघटनेने २०१८ मध्ये केलेल्या हिशोबानुसार जगात रोज १६४० कोटी तास बिनपगारी काळजीत आणि घरकामात जातात. २०० कोटी माणसं रोज आठ तास पगाराशिवाय राबली तर जेवढं काम होईल, तेवढं हे काम आहे. त्यातला ७६.२ टक्के भाग बायका करतात. भारताच्या २०२४ च्या वेळ-वापर सर्वेक्षणात बिनपगारी घरकाम करणाऱ्या बाईचे त्यात दिवसाला सरासरी २८९ मिनिटं जातात, पुरुषाची ८८. पगारी बाजूला, म्हणजे शिक्षण, आरोग्य, समाजसेवा आणि घरकाम धरून, जगात ३८.१ कोटी माणसं काळजीच्या कामात आहेत आणि त्यातल्या जवळपास दोन तृतीयांश बायका आहेत.

बिनपगारी आणि पगारी या दोन बाजू एकमेकींना धरून आहेत. घरात आई-बहीण-सून जे काम पैसे न घेता करते, त्याच कामाला कोणी ठेवायचं म्हटलं की बोलणी शून्यापासून सुरू होतात. मेकॅनिकशी बोलताना कोणाच्या मनात हा शून्य नसतो. शिवाय घरातल्या काळजीमुळे नोकरीच्या बाजारातच न उतरू शकलेल्या बायका जगात ७०.८ कोटी आहेत आणि असे पुरुष ४ कोटी, असा याच संघटनेचा २०२४ चा अंदाज आहे. घराजवळचं, अर्ध्या वेळेचं, मिळेल ते काम घेणाऱ्यांची संख्या कायम मोठी का राहते, हे इथून समजतं.

आता कौशल्याचं. इथे मी जरा थांबणार आहे, कारण ‘यात शिकायचं काय असतं?’ हे वाक्य मी पगार ठरवण्याच्या मोठमोठ्या बैठकांत ऐकलं आहे.

अर्धांगवायूच्या पेशंटला पलंगावरून व्हीलचेअरवर घ्यायचं आहे असं समजा. खुर्ची त्याच्या चांगल्या बाजूला, पलंगाला थोडी तिरकी लावायची. ब्रेक लावायचे, पाय ठेवायच्या पट्ट्या बाजूला करायच्या. लुळ्या हाताला धरून ओढायचं नाही, खांदा सांध्यातून सरकतो. त्याचा कमजोर गुडघा आपल्या गुडघ्याने अडवून धरायचा, कमरेच्या पट्ट्याला हात घालायचा, त्याला पुढे वाकायला सांगायचं आणि वजन त्याच्याच पायांवर येईपर्यंत थांबायचं. घाई केली तर तो पडतो किंवा आपली कंबर जाते. बराच वेळ झोपून असलेल्या माणसाला उठवल्यावर रक्तदाब उतरतो, म्हणून हे चालू असताना त्याच्या चेहऱ्याचा रंग आणि श्वासही बघायचा. त्याच सेविकेने थोड्या वेळाने त्याला भरवायचं असतं. गिळायला त्रास असेल तर पाठ सरळ, हनुवटी किंचित खाली, घास लहान, आणि पहिला घास गिळल्याची खात्री झाल्यावरच दुसरा. बोलताना आवाज ओला, घरघरता झाला की थांबायचं, कारण अन्न श्वासनलिकेकडे जात असू शकतं. जेवणानंतर अर्धा तास तरी आडवं करायचं नाही. दुपारी कूस बदलताना टाचा आणि माकडहाड पाहायचं, लाली दिसली तर बोटाने दाबायचं. दाबल्यावर ती फिकट होत नसेल तर बेडसोर सुरू झालेला आहे, आणि ते आज कळलं नाही तर महिन्याभरात हाडापर्यंत जखम जाऊ शकते. पेशंटला स्मृतिभ्रंश असेल तर हे सगळं अशा माणसाशी करायचं, ज्याला आपण कोण आहोत हे माहीत नाही आणि जो घाबरून हात उगारतो.

या पदाच्या फाइलमध्ये कामाचं वर्णन एका ओळीचं असतं: ‘रुग्णास दैनंदिन कामांत मदत करणे.’ मूल्यमापन त्या ओळीचं होतं.

मापही तसंच बनवलेलं असतं. जुन्या पद्धतीच्या मूल्यमापनात जबाबदारी मोजतात ती हाताखाली किती माणसं, किती रकमेचा व्यवहार, किती किमतीचं यंत्र यावरून. हातात एक जिवंत माणूस आहे, याला त्या रकान्यात गुण नसतात. कामाची परिस्थिती मोजताना धूळ, आवाज, उष्णता, उंची विचारतात. मलमूत्र, उलटी, मारहाण, शिवीगाळ विचारत नाहीत. शारीरिक कष्ट किलोंत मोजतात, पण सिमेंटची गोणी मध्येच घाबरून आपल्याला घट्ट धरत नाही. एखाद्याच्या शेवटच्या आठवड्यात त्याच्याजवळ बसणं आणि त्याच दिवशी दुसऱ्या खोलीत हसऱ्या चेहऱ्याने जाणं, याला तर बराच काळ रकानाच नव्हता. ब्रिटनच्या राष्ट्रीय आरोग्यसेवेने २००४ मध्ये नवी वेतनरचना आणली, त्यातल्या सोळा निकषांमध्ये भावनिक श्रम हा स्वतंत्र निकष आहे. न्यूझीलंडमध्ये २००९ मध्ये ‘स्पॉटलाइट’ नावाची पद्धत तयार झाली, ती नेमकी अशी न दिसणारी कौशल्यं शोधून लिहून काढण्यासाठी. माप बदललं की त्याच कामाला वेगळे गुण पडतात, हे मी स्वतः अनेकदा पाहिलं आहे.

इथे दोन वेगळ्या विषमता एकत्र कालवल्या जातात, त्या सुट्या करू. पहिली क्षेत्राच्या आतली. जागतिक आरोग्य संघटना आणि आंतरराष्ट्रीय कामगार संघटना यांनी २०२२ मध्ये ५४ देशांची आकडेवारी तपासली. आरोग्य आणि काळजी क्षेत्रात ६७ टक्के कर्मचारी बायका, आणि वय, शिक्षण, कामाचे तास असे फरक जमेला धरूनही त्यांची कमाई पुरुषांपेक्षा सरासरी २४ टक्क्यांनी कमी. वरच्या पदांवर आरोग्य क्षेत्रात बायका जेमतेम पाव, असं त्याआधी २०१९ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने नोंदवलं होतं. दुसरी विषमता क्षेत्राबाहेरची: अख्खं क्षेत्रच तेवढ्याच कौशल्याच्या इतर क्षेत्रांपेक्षा खाली ठेवलेलं असतं. पहिलीसाठी ‘समान कामाला समान वेतन’ पुरतं. दुसरीसाठी पुरत नाही, कारण जिथे सगळ्या बायकाच आहेत तिथे तुलना कोणाशी करणार? त्यासाठी ‘समान मूल्याच्या कामाला समान वेतन’ लागतं, आणि हे तत्त्व १९५१ च्या आंतरराष्ट्रीय कामगार संघटनेच्या शंभराव्या करारात आहे. भारताने तो १९५८ मध्ये मान्य केला. अमेरिकेने आजवर केलेला नाही.

आता ते कागद.

डेन्मार्क हे स्त्री-पुरुष समानतेत पुढे असलेलं राष्ट्र मानलं जातं. तिथे १९६९ मध्ये सरकारी नोकरांच्या वेतनाची मोठी फेररचना झाली. पदं एकेका पायरीवर बसवली गेली. नर्सेस, सुईणी, बालवाडीच्या शिक्षिका खालच्या पायऱ्यांवर गेल्या. पुढे सरकारी पगार वाढले ते सगळ्यांचे साधारण सारख्या टक्क्यांनी, त्यामुळे पायऱ्यांमधलं अंतर पन्नास वर्षं तसंच राहिलं. २०२१ च्या उन्हाळ्यात नर्सेसनी संप केला आणि दहा आठवड्यांनी संसदेने कायदा करून तो संपवला. १९६९ ची रचना रद्द करा या मागणीच्या मागे ५० हजारांहून जास्त नागरिकांनी सह्या केल्या. शेवटी २०२३ च्या डिसेंबरात सरकार, संघटना आणि सार्वजनिक मालक यांच्यात करार झाला आणि अशा पदांसाठी ६८० कोटी क्रोनर बाजूला काढले गेले. पन्नास वर्षं जो भाव बाजाराचा मानला जात होता, तो एका तक्त्याचा भाव होता.

अमेरिकेत १९३८ चा किमान वेतनाचा कायदा झाला तेव्हा घरकाम करणाऱ्यांना त्यातून वगळलं होतं. १९७४ मध्ये घरकामगारांना आत घेतलं, पण वृद्धांना ‘सोबत’ करणाऱ्यांना सूट दिली. कल्पना अशी की शेजारची कोणीतरी बसायला येते. प्रत्यक्षात मोठमोठ्या एजन्सी हजारो सेविका ठेवून हीच सूट वापरत राहिल्या. जमैकाहून आलेल्या एव्हलिन कोक यांनी ओव्हरटाइमसाठी दावा लावला, आणि २००७ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने एकमताने त्यांच्या विरोधात निकाल दिला, कारण नियम तसा लिहिलेला होता. २०१३ मध्ये नियम बदलला आणि २०१५ पासून एजन्सीच्या सेविकांना किमान वेतन आणि ओव्हरटाइमचं संरक्षण मिळालं. २०२५ मध्ये तो बदल मागे घेण्याचा प्रस्ताव सरकारने मांडला. या पन्नास वर्षांत सेविकेचं काम तेच राहिलं आहे.

हाँगकाँगचा कागद वाचताना मला दरवेळी त्रास होतो. परदेशातून आलेल्या घरकामगाराने मालकाच्याच घरात राहिलं पाहिजे, ही सक्ती २००३ पासून आहे. २०११ मध्ये किमान वेतन लागू झालं तेव्हा मालकाच्या घरात राहणाऱ्या घरकामगारांना त्यातून वगळलं. एका नियमाने आत राहायला लावायचं आणि दुसऱ्या नियमाने आत राहते म्हणून किमान वेतन नाकारायचं.

स्पेनमध्ये घरकामगारांना बेकारी विमाच नव्हता. गॅलिसियातल्या एका घरकामगार बाईने आपला हप्ता भरू द्या अशी मागणी केली आणि प्रकरण युरोपीय न्यायालयात गेलं. २०२२ च्या फेब्रुवारीत न्यायालयाने म्हटलं की ज्या गटात ९५ टक्के बायका आहेत तो गटच वगळणं हा अप्रत्यक्ष लिंगभेद आहे. त्याच वर्षी सप्टेंबरात स्पेनने कायदा बदलला.

भारताचा कागद आणखी वेगळा. २००५ मध्ये सुरू झालेल्या राष्ट्रीय ग्रामीण आरोग्य अभियानातल्या सुमारे १० लाख आशा स्वयंसेविका म्हणून नोंदलेल्या आहेत. त्या कर्मचारी नाहीत. त्यांना मानधन आणि कामागणिक मोबदला मिळतो. २०२२ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने त्यांचा गौरव केला, पण गौरवाने पदाचा दर्जा बदलत नाही. त्याच वर्षी एप्रिलमध्ये सर्वोच्च न्यायालयाने अंगणवाडी सेविका आणि मदतनीस यांना ग्रॅच्युइटीचा कायदा लागू होतो असा निकाल दिला. दर्जा बदलण्याच्या दिशेने मला हे पाऊल जास्त मोलाचं वाटतं.

ब्रिटनमध्ये घरोघरी जाणाऱ्या सेविकेला पुष्कळदा भेटीच्या मिनिटांचे पैसे मिळतात. एका घरातून दुसऱ्या घरात जाण्याचा वेळ तिचा. तासाचा दर कागदावर किमान वेतनापेक्षा वर दिसतो, पण सकाळी घर सोडल्यापासून संध्याकाळी परत येईपर्यंतचा वेळ मोजला की तो खाली घसरतो. रात्रपाळीचं तसंच. पेशंटच्या घरी झोपायचं आणि गरज पडली की उठायचं, अशा रात्रीतल्या झोपेच्या वेळेला ताशी किमान वेतन लागू नाही असा निकाल तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने २०२१ मध्ये दिला. त्याचा आधार होता १९९८ ची अल्पवेतन आयोगाची शिफारस, की अशा रात्रीसाठी ठरावीक भत्ता द्यावा. जर्मनीत मात्र त्याच वर्षी जूनमध्ये उलट निकाल लागला. बर्लिनमधल्या नव्वदीच्या बाईंची काळजी घेणाऱ्या बल्गेरियन सेविकेचा करार आठवड्याला ३० तासांचा होता आणि प्रत्यक्षात ती रात्रंदिवस हाकेच्या अंतरावर होती. हाकेला तयार राहण्याच्या वेळेलाही किमान वेतन द्यावं लागेल, असं तिथल्या संघीय कामगार न्यायालयाने सांगितलं. एकाच वर्षात, दोन युरोपीय देशांत, एकाच रात्रीचे दोन भाव.

पगाराची तुलना करताना म्हणूनच मी ताशी दराला फारसं महत्त्व देत नाही. आठवड्याचे किती तास हातात पडतात, मधला रिकामा वेळ कोणाचा, हे आधी बघते. स्वीडनमध्ये ताशी दर वाईट नाही, पण घरी जाऊन काळजी देणाऱ्यांच्या पाळ्या सकाळ आणि संध्याकाळ अशा तुटलेल्या असतात आणि मधले तास बिनपगारी.

बाजाराचा मुद्दा मी उडवून लावत नाही. अर्थशास्त्रज्ञ विल्यम बॉमोल यांनी १९६० च्या दशकात दाखवलं की ज्या कामात माणसाचा वेळ हाच माल असतो, तिथे उत्पादकता कारखान्यासारखी वाढत नाही. पेशंटला आंघोळ घालायला पूर्वी जेवढा वेळ लागायचा तेवढाच आजही लागतो, आणि निम्म्या वेळात घातली तर ती आंघोळ राहत नाही. पण हे तत्त्व नीट वाचलं तर ते खर्च वाढत जाईल असं सांगतं, कारण माणसं टिकवायची तर पगार इतर क्षेत्रांबरोबर वाढवावे लागतात. पगार तळाला का, याचं उत्तर त्यात नाही. दुसरं म्हणजे, या बाजारात गिऱ्हाईक बऱ्याचदा एकच असतं: सरकार, नगरपालिका किंवा विमा निधी. तो एकटा खरेदीदार दर ठरवतो, संस्था त्या दरात नफा काढते आणि उरलेलं सेविकेच्या हाती येतं. तुटवडा असेल तर भाव चढतो असं म्हणतात. वृद्धसेवेत बऱ्याच देशांत वर्षानुवर्षं जागा रिकाम्या आहेत आणि भाव त्या प्रमाणात चढलेला नाही.

न्यायालयात हा युक्तिवाद चांगला तपासला गेला तो पॅम एन्डरबी यांच्या खटल्यात. त्या ब्रिटनमध्ये वाचाउपचारतज्ज्ञ होत्या. त्या पेशात जवळपास सगळ्या बायका, आणि त्याच दर्जाच्या फार्मासिस्ट व चिकित्सा मानसशास्त्रज्ञांना, जिथे वरच्या पदांवर पुरुष जास्त, पगार बराच जास्त. मालकाचं म्हणणं, वेगवेगळ्या संघटनांशी वेगवेगळ्या वाटाघाटी झाल्या म्हणून फरक पडला. १९९३ मध्ये युरोपीय न्यायालयाने हे कारण पुरेसं मानलं नाही. बाजारातल्या तुटवड्याबद्दल न्यायालयाचं म्हणणं मला आजही रोज उपयोगी पडतं: फरकातला नेमका किती भाग तुटवड्यामुळे आहे ते दाखवा, तेवढाच मान्य होईल. बाजाराचं नाव घेऊन पूर्ण फरक झाकता येत नाही.

‘त्या मनापासून करतात, पैशासाठी नाही’ हा आणखी एक युक्तिवाद. सर्जनही आपलं काम मनापासून करतात, आणि त्यावरून त्यांचा पगार कमी करा असं कोणी म्हणत नाही. आस्थेमुळे खरं नुकसान होतं ते वाटाघाटीत. सेविकांनी काम थांबवलं तर माणूस ओल्या अंथरुणात पडून राहतो, हे दोन्ही बाजूंना माहीत असतं, आणि त्याचा दबाव एकाच बाजूवर येतो. तरीही संप झाले आहेत. स्कॉटलंडमधल्या ग्लासगोमध्ये २०१८ च्या ऑक्टोबरात घरसेविका, सफाई कामगार अशा सुमारे ८ हजार बायका दोन दिवस संपावर गेल्या. नगरपालिकेच्या वेतनरचनेत आठवड्याला ३७ तास काम करणाऱ्यांना जादा गुण होते, आणि अर्धवेळ काम करणाऱ्या बहुतेक बायका होत्या. पुढच्या वर्षी सुमारे ५० कोटी पौंडांची भरपाई मान्य झाली.

स्थलांतरावर थोडक्यात लिहिते, कारण तो स्वतंत्र विषय आहे. श्रीमंत देशातली बाई नोकरीला जाते, तिच्या घरी फिलिपिन्सची किंवा रोमानियाची बाई येते, आणि त्या बाईच्या घरी तिची मुलं आजी किंवा मोठी बहीण सांभाळते. या साखळीच्या शेवटच्या कडीला पगारच नसतो. जगात ७.५६ कोटी घरकामगार आहेत, त्यातल्या ८१ टक्क्यांना कुठलंही औपचारिक संरक्षण नाही. दक्षिण कोरियात २०२४ मध्ये सोल शहराने फिलिपिन्समधून १०० सेविका आणल्या, आणि त्यांना किमान वेतन द्यावं की त्याहून कमी यावर देशभर वाद झाला. कमी द्यावं ही सूचना त्या वर्षी खुद्द मध्यवर्ती बँकेच्या अहवालात होती. ब्रिटनने २०२२ मध्ये सेविकांसाठी व्हिसा खुला केला, तो मालकाशी बांधलेला होता. मालकाने फसवलं तर तक्रार करणारीचाच देशातला मुक्काम धोक्यात. २०२५ मध्ये बाहेरून भरती बंद झाली. घरकामगारांच्या हक्कांचा आंतरराष्ट्रीय कामगार संघटनेचा १८९ वा करार २०११ चा आहे. फिलिपिन्सने तो पुढच्याच वर्षी मान्य केला, स्पेनने २०२३ मध्ये, भारताने अजून नाही.

आता बदललेले कागद. न्यूझीलंडमधल्या क्रिस्टीन बार्टलेट वीसेक वर्षं वृद्धाश्रमात काम करून किमान वेतनाच्या जेमतेम वर कमवत होत्या. त्यांच्या संघटनेने २०१२ मध्ये दावा केला, तोही १९७२ च्या जुन्या समान वेतन कायद्याखाली. मालक म्हणाला, आमच्याकडच्या थोड्या पुरुषांनाही तेवढाच पगार आहे. न्यायालयांनी म्हटलं, क्षेत्रच बायकांचं असेल तर तुलना बाहेरच्या पुरुषबहुल क्षेत्राशी करता येईल. शेवटी २०१७ मध्ये सरकारने ५५ हजार सेविकांसाठी पाच वर्षांत २०० कोटी डॉलरचा समझोता केला. काहींची वाढ जवळपास निम्म्या पगाराएवढी होती. पुढे शाळांतल्या मदतनीस बायकांची तुलना तुरुंगरक्षकांशी झाली. ऐकायला विचित्र वाटेल, पण आक्रमक झालेल्या माणसाला शांत करणं हे दोन्हीकडे रोजचं काम आहे, फक्त एकीकडे त्याचे पैसे मिळत होते.

ऑस्ट्रेलियाच्या वेतन आयोगाने वृद्धसेवेचं मूल्य लिंगाच्या कारणाने कमी धरलं गेलं हे मान्य केलं, २०२२ मध्ये १५ टक्के अंतरिम वाढ दिली आणि २०२४ मध्ये काहींसाठी एकूण वाढ २८.५ टक्क्यांपर्यंत नेली. १५ टक्क्यांसाठी लागणारे ११३० कोटी डॉलर केंद्र सरकारने अंदाजपत्रकातून दिले. पुष्कळ निकाल इथेच अडतात. निकाल संस्थेवर येतो, संस्थेला सरकार जुनाच दर देत राहतं, मग संस्था तास कापते आणि हातात तेवढेच पैसे येतात. निधीची तजवीज नसलेला वेतनवाढीचा निकाल मी अर्धा निकाल मानते.

आणि न्यूझीलंडचा पुढचा भाग. २०२५ च्या मे महिन्यात तिथल्या सरकारने तातडीने कायदा बदलला. चालू असलेले ३३ दावे रद्द झाले, तुलनेच्या अटी कडक झाल्या, क्षेत्रात बायकांचं प्रमाण ६० ऐवजी ७० टक्के असल्याचं दाखवणं आवश्यक झालं. त्यातून वाचलेले १२८० कोटी डॉलर त्याच महिन्याच्या अंदाजपत्रकात दिसले. बार्टलेट यांच्या लढ्यामुळे ज्या सेविकांना एकदा वाढ मिळाली होती, त्यांचे पुढचे दावेही या ३३ मध्ये होते.

पुरुषांबद्दल विचारलं आहे. पुरुष यावेत असं मलाही वाटतं, पेशंटच्या दृष्टीने तर नक्कीच. पण पगार वाढवण्याचा मार्ग म्हणून त्याकडे पाहू नये. अमेरिकेच्या १९५० ते २००० च्या जनगणनांवर आसाफ लेव्हानन, पॉला इंग्लंड आणि पॉल ॲलिसन यांनी केलेल्या अभ्यासात एखाद्या पेशात बायकांचं प्रमाण वाढलं की पुढे त्याचा पगार घसरलेला दिसतो, शिक्षण आणि कौशल्य तेवढंच धरूनही. पुरुष आले तर काय होतं, हे क्रिस्टीन विल्यम्स यांनी १९९२ मध्ये नर्सिंग, प्राथमिक शिक्षण, समाजकार्य अशा पेशांत पाहिलं: पुरुष लवकर वरच्या पदांवर ढकलले जातात. पलंगाजवळ ते फार काळ राहत नाहीत, त्यामुळे तिथला पगार तसाच राहतो. २००९ मध्ये आडिया हार्वी विंगफील्ड यांनी त्याला जोड दिली, की कृष्णवर्णीय पुरुष नर्सेसना ही बढतीही तशी मिळत नाही. माझा स्वतःचा अनुभव सांगायचा तर, पुरुष उमेदवार पगार ऐकून मागे फिरतात. पगार आधी, पुरुष नंतर, असाच क्रम मला शक्य दिसतो.

तुम्ही स्वतः अशा कामात असाल किंवा संघटनेत असाल तर सुरुवात ड्युटीच्या तक्त्यापासून करा. एका महिन्याचा तक्ता आणि त्याच महिन्याची पगाराची स्लिप शेजारी ठेवा, येण्याजाण्याचा, रात्री हाकेला थांबण्याचा, हँडओव्हरचा वेळ लिहून काढा आणि खरा ताशी दर काढा. मग पदाचं लेखी वर्णन मागून घ्या आणि दिवसभरात खरोखर जे करता ते त्याच्या शेजारी लिहा, वर मी पेशंट उचलण्याचं लिहिलं तेवढ्या तपशिलात. तिसरं, तुमच्याच मालकाकडे किंवा त्याच निधीतून चालणाऱ्या दुसऱ्या संस्थेत पुरुषबहुल असं एक पद शोधा, ज्याला शिक्षण आणि जोखीम साधारण तुमच्याएवढी आहे. ड्रायव्हर, सुरक्षारक्षक, तंत्रज्ञ, काहीही. या तीन गोष्टी हातात नसताना केलेली पगारवाढीची मागणी विनंतीच्या अर्जासारखी वाचली जाते. त्या हातात असल्या तर समोरच्याला फरकाचं कारण द्यावं लागतं, आणि ते लेखी मागा.